सुध्या, सईचा फोन येईल

सोलापूर,
१२ एप्रिल

प्रिय सुध्या,

पाकीट बघून आधी मनात येईल, कोण गेलं बे? कोणी गेलेलं नाही. आईची शुगर जागेवर आहे, माझं बीपी गोळीवर चाललंय. झालं.

फोन केला असता, पण आमच्या घरात भिंतींना कान नसले तरी सईला आहेत. आणि माझा मोबाइल सध्या तिच्याच ताब्यात आहे, बुकिंगचे सगळे ओटीपी त्यावर येतात म्हणून. तेव्हा कारखान्यात बसून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय. लूम चालू आहेत, त्यामुळे अक्षर हलतंय असं समज.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही. मार्चएंड होता हे खरं, पण मार्चएंड दर वर्षी येतो. पुढच्या भेटीत काय शिव्या घालायच्या त्या घाल, ऐकून घेईन.

आता मुद्दा. आम्ही जूनमध्ये स्वित्झर्लंडला चाललोय. हसू नकोस. मलाही आधी हसूच आलं होतं. मागच्या वर्षी अनघाचा भाऊ सात दिवसांत पाच देश बघून आला आणि अजून त्याला फोटोतला कुठला डोंगर कुठल्या देशातला ते सांगता येत नाही. बसमध्ये झोप, उतर, फोटो, चढ, पुन्हा झोप. त्यावरून सईने जेवताना जाहीर केलं, ‘आपण बसमधून बघायचं नाही, चालायचं.’ एकाच गावात आठ दिवस मुक्काम, रोज सकाळी सॅक पाठीला आणि डोंगर. दहावीचा पेपर संपला त्या रात्रीपासून पोरगी एक्सेल उघडून बसलीय. एवढा अभ्यास गणिताचा केला असता तर, हे मी बोललो नाही, अनघा बोलली.

याच वर्षी का, तर तिथे पासाची भानगड अशी आहे की आई-बापाने स्विस ट्रॅव्हल पास काढला की सोळा वर्षांखालची पोरं फुकट. रेल्वे, बस, बोट सगळ्याला. सईला सप्टेंबरात सोळा पूर्ण होतात. ‘पुढच्या वर्षी मी महाग पडेन,’ म्हणते. व्यापाऱ्याची पोरगी आहे. आणि मे महिना नको, कारण मेमध्ये वरच्या वाटांवर बर्फ असतं आणि बरेच रोपवे दुरुस्तीला बंद. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचं आणि आल्प्सचं जमत नाही. इथे आत्ता बेचाळीस आहे, डांबर चपलेला चिकटतंय, आणि पोरगी मला विचारते, पप्पा, थर्मल कुठले घ्यायचे?

मुक्काम वेंगेन नावाच्या गावात. १२७४ मीटरवर, गावात मोटारगाडी नाही, खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या रेल्वेने वर जायचं. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीय. बाहेर खाणं आपल्या बापजन्मात परवडायचं नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी निघाल्याच समज. आईने तुपाची बरणी काढून ठेवली होती, पण बाहेरून दूध-दुभत्याचं काही तिकडे नेता येत नाही. हे सांगितल्यापासून तिचा त्या देशावरचा विश्वास उडालाय. ‘गाईंचे फोटो तर केवढे लावतात!’

इथपर्यंत सगळं गोड. पुढचं तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

पहिल्याच दिवसाचा बेत असा. वेंगेनहून रोपवेने मेनलिखेन नावाच्या डोंगरावर, तिथून क्लाइने शायडेकपर्यंत चालत, साडेचार किलोमीटर, दीड तास, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने. वाट रुंद आहे, बरीचशी उताराची, लोक बाबागाडी ढकलत जातात. वाटेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो रोपवेचा पाळणा! वेंगेनपासून साडेनऊशे मीटर सरळ वर, पाच-सहा मिनिटांत. आणि त्याच्या टपावर, सुध्या, टपावर उघडी गॅलरी आहे. जास्तीचे पैसे देऊन लोक तिथे वाऱ्यात उभे राहतात. ‘रॉयल’ म्हणतात त्याला. सईने चौघांचं रॉयल धरलंय. मी व्हिडिओ बघितला. आमच्या हॉलच्या सोफ्यावर, पंख्याखाली बसून माझ्या तळपायाला घाम फुटला.

तिकडच्या वाटांना रंग असतात. पिवळ्या पाट्या साध्या वाटेच्या, आणि पाटीवर अंतर नाही, वेळ लिहिलेली. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरी वाट. सईने मोठ्याने वाचून दाखवलं, या वाटांवर पाय पक्का हवा आणि उंचीची भीती असता कामा नये. लगेच ओम म्हणाला, ‘मग पप्पांना काय, पप्पा तर हरिश्चंद्रगडवाले.’

तो फोटो अजून हॉलमध्येच आहे. कोकणकडा, मागे ढग, मी दोन्ही हात पसरून. माहेरहून आलेलं गणपतीचं चित्र अनघाने हलवलं पण तो नाही हलवला. पोरं त्या फोटोखाली रांगायला शिकली. आणि दर दिवाळीत पाहुण्यांना मी सांगतोच, ९७ साली, रेलिंग नाही, दोर नाही, टोलार खिंडीतून वर गेलो वगैरे. यात खोटं एकही नाही. फक्त तो फोटो कड्यापासून पंधरा फूट मागे काढलेला आहे, आणि माझ्या शर्टाला दोनच बटणं शिल्लक आहेत, हे कोणाला दिसत नाही.

तू कधी बोलला नाहीस. माझ्या लग्नात नाही, पिऊन नाही, आपलं भांडण झालं त्या दीड वर्षातही नाही. तेव्हा मला वाटायचं हा आता सगळ्यांना सांगणार. त्या भीतीनेच मी तुझ्यावर जास्त चिडलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. सगळे पोटावर झोपून कड्याखाली डोकावत होते, मीही झोपलो. डोकावलो. आणि मग उठताच येईना. बोटं दगडाला अशी धरली होती की नखांत माती. तू त्या दोघांना चहाला पिटाळलंस, माझ्या पायाशी बसलास आणि घोटे धरून मला मागे ओढलंस, पोतं ओढतात तसं. इंचाइंचाने. आणि ओढता ओढता काय बोलत होतास आठवतं? भय्या चौकातल्या त्या मेसच्या आमटीत डाळ किती असायची याचा हिशेब.

घरात पाण्याच्या टाकीवर कोण चढतं, माहीत आहे? अनघा. मी शिडी धरतो. वीस वर्षं शिडी धरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

तर गेल्या रविवारी सराव. सोलापुरात डोंगर कुठून आणणार? सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून पाय होतात, छाती होत नाही. म्हणून सईने नळदुर्ग ठरवला. पहाटे पाचला निघालो, उन्हाच्या आत परत यायचं म्हणून. पाणी महाल बघितला. बोरी नदीला आत्ता पाणी कुठलं, पण आतून गारवा होता. ओम खूश. मग उपळी बुरूज. तू चढला आहेस, बाहेरून जाणाऱ्या त्या दगडी पायऱ्या. पहिल्या दहा चढलो. अकरावीवर उजवीकडे नजर गेली आणि संपलं. तोच दगड, तेच पाय.

खिशातला फोन काढला आणि कानाला लावला. ‘हां शेठ, बोला, सूत आलं का?’ करत पाठमोरा, बसत बसत खाली आलो. रविवारी सकाळी साडेसातला कुठला सूतवाला फोन करतो बे! वर तिघं तोफेपाशी उभं राहून हात हलवत होती, मी खालून हात हलवला. अर्धा तास मी त्या नसलेल्या शेठशी भाव केला. शेवटी किलोमागे तीन रुपये कमी करून घेतले.

सई सगळ्यांत आधी उतरली. माझ्याकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं. माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग आठवलं, फोन तिचा होता. माझा तिच्या सॅकमध्ये. तिच्या फोनवर कुठला शेठ?

बोलली काहीच नाही. गाडीत गाणी लावली. रात्री मी झोपायला जाताना हॉलमध्ये फोटोसमोर उभी होती. ‘पप्पा, हा कोणी काढला होता?’ म्हटलं, सुधीरकाकाने. ‘मग त्यांनाच विचारते एकदा, तिथे नक्की काय काय झालं ते. रविवारी फोन करीन.’

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दुसरी वाट मी शोधून ठेवलीय. वेंगेनहून तीच दातेरी रुळांची रेल्वे थेट क्लाइने शायडेकला जाते, १८९३ पासून चालू आहे. तिघं पाळण्याने जाऊ देत, मी रेल्वेने पोचतो आणि तिकडून त्यांना सामोरा चालत येतो. लाउटरब्रुनेनची दरी तर आणखी छान, तळाने सपाट वाट, दोन्ही बाजूंनी धबधबे, मान वर करून बघायचं. मान वर करायला मला काहीच त्रास नाही. वरून खाली बघण्याचंच वाकडं आहे. पण रेल्वेने जायला कारण काय सांगू? गुडघा सांगावा तर अनघा अस्थितज्ज्ञाकडे नेईल. बहाणे शोधण्यात तुझा हात धरणारा अजून जन्मायचाय. आपली हजेरी पंचाहत्तर टक्के कशी भरली ते मी विसरलेलो नाही.

वहिनींच्या मानेचं कसं आहे? रत्नागिरीची बदली पक्की का? चिन्मयची सीईटी कधी? सगळं कळव. आंब्याचं बोलत नाही, पण रत्नागिरी म्हटल्यावर तुझं तुला कळायला हवं.

पत्र सुरू केलं तेव्हा तुला एवढंच लिहायचं होतं की तोंड बंद ठेव. चौथं पान लागलं आणि आता ते लिहवत नाही. पोरीला विचारायचं असेल तर विचारू दे. सांग तिला. घोटे धरून ओढलंस तेही सांग, आमटीतल्या डाळीचंही सांग. फक्त मी रडलो ते सांगू नकोस. आणि अनघा जवळपास नाही ना, एवढं आधी विचारून घे. तिला सगळं माहीत असणार, मला खात्री आहे, पण ते मला कळायला नको.

स्पीडपोस्टने टाकतोय, शनिवारपर्यंत पोचायला हवं.

तुझा,
विज्या

ता.क. त्या गडावर तुझी टॉर्च मी हरवली नव्हती. सॅकच्या तळाशी होती. परवा माळा आवरताना सापडली. सेल गळून आतून गंजलीय, पण आहे.