निनादच्या अटकेबद्दल, सविस्तर

लेस्टर,
रविवार, रात्री

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

तुमचा निनाद माझ्या घरी आलाय, जेवलाय आणि आता झोपलाय. आधी एवढं वाचा, मग पुढचं. काल फोनवर तुम्ही दोघं एकदम विचारत होतात, मलाही धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. पोलीस ठाण्यांत आणि कोर्टांत दुभाष्याचं काम करत असल्यामुळे ही वाट माझ्या रोजच्या पायाखालची आहे. तुमच्या डोळ्यांसमोर तिकडचं चित्र आहे: कोठडी, रिमांड, जामीनदार, तारखा. इंग्लंडमध्ये बरंच वेगळं आहे, आणि जिथे वेगळं आहे नेमकी तिथेच घरची माणसं चुकतात.

त्याच्यावर अजून आरोप ठेवलेला नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या मुलाशी झालेल्या मारामारीवरून त्याला अटक झाली, चौकशी झाली आणि तपास चालू असताना जामिनावर सोडलं. संशयाचं कलम आहे इजा होईल अशी मारहाण, 1861 च्या कायद्याचं 47 वं. आपला जुना दंड संहितेचा कायदा 1860 चा, त्याचाच समवयस्क. जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं असली तरी ती कमाल मर्यादा आहे. तो आकडा वाचून वहिनी, तुम्ही रात्र जागून काढू नका.

अठरा तास का ठेवलं, असं दादा विचारत होता. ठाण्यात आणलं की कस्टडी सार्जंट नावाचा अधिकारी नोंद करतो. हा तपास करत नाही. आणलेल्या माणसाला ठेवणं गरजेचं आहे का आणि ठेवलं तर नीट ठेवलंय का, हे पाहणं त्याचं काम. ठाण्यात पोचल्या क्षणापासून 24 तासांचं घड्याळ सुरू होतं. त्या आत आरोप ठेवायचा नाहीतर सोडायचं. गंभीर गुन्ह्यात सुपरिटेंडेंट ते 36 तासांपर्यंत वाढवू शकतो, त्यापुढे मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि दहशतवादाची प्रकरणं सोडली तर एकूण 96 तासांवर जाता येत नाही. ठेवणं अजून गरजेचं आहे का, हे आधी सहा तासांनी आणि मग दर नऊ तासांनी तपासलं जातं. आपल्याकडे 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात आणि तिथून पोलीस कोठडीचे दिवस मागतात. इथे तसे दिवस मागायची पद्धत नाही.

मग एवढा वेळ जातो कुठे? तक्रारदाराचा जबाब, डॉक्टरचा कागद, सीसीटीव्ही, वकील येणं, गरज असेल तर दुभाषी येणं. शिवाय कोणत्याही 24 तासांत सलग आठ तास विश्रांती द्यावीच लागते, तीही शक्यतो रात्री. म्हणजे संध्याकाळी आणलेल्या माणसाची चौकशी बहुतेक दुसऱ्या दिवशीच होते. त्याला छळायला ठेवलेलं नव्हतं. बुटांच्या नाड्या, पट्टा, हुडीची दोरी काढून घेतात ती कुणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. सगळं सामान त्याच्यासमोर मोजून पिशवीत सीलबंद करतात आणि यादीवर सही घेतात. बोटांचे ठसे, फोटो आणि गालाच्या आतून कापसाने घेतलेला डीएनएचा नमुना, हे अटक झालेल्या जवळपास प्रत्येकाचं होतं. त्यावरून गुन्हा सिद्ध झाला असं काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट. निनादने ठाण्यात वकील मागितला, चौकशीच्या आधी. याचा मला फार दिलासा आहे. पोलीस ठाण्यातला वकील सगळ्यांना फुकट असतो. मिळकत विचारत नाहीत, नागरिकत्व विचारत नाहीत. ओळखीचा कुणी नसेल तर ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे पाळीवर असलेला वकील, येतो. तो पोलिसांच्या पगारावर नसतो, ही शंका आपल्या माणसांना हमखास असते. पुष्कळजण वकील नाकारतात. एक, वकील मागितला तर आपण दोषी वाटू असं वाटतं. दोन, वकिलाची वाट पाहण्यात आणखी तास जातील. तीन, ‘खरं काय ते सांगून टाकतो, म्हणजे सोडतील.’

हा तिसरा विचार सगळ्यात घातक, आणि तो आपण तिकडून बरोबर घेऊन येतो. भारतात पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, साक्षीदाराच्या जबाबावर सहीसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे ठाण्यात बोललेलं पुढे बदलता येतं, ही समजूत अंगात मुरलेली असते. इथे चौकशीची खोली म्हणजे जवळजवळ कोर्टच. प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो आणि दीड वर्षाने तोच आवाज ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, ऐकवला जाऊ शकतो. अटकेच्या वेळी जी ताकीद देतात तिचा अर्थ असा: बोलायचं बंधन नाही, पण विचारलं असताना जे सांगितलं नाही ते पुढे कोर्टात बचाव म्हणून मांडलंत, तर त्याने तुमच्या बचावाला धक्का बसू शकतो, आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल. म्हणजे बोलणं जोखमीचं आणि गप्प राहणंही जोखमीचं. नुसत्या गप्प राहण्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही, तरी ज्युरी त्याचा विचार करू शकते. तीन वाटा असतात: उत्तरं देणं, ‘नो कॉमेंट’ म्हणणं, किंवा लेखी निवेदन वाचून पुढे गप्प राहणं. कुठली धरायची हे पोलिसांकडे काय पुरावा आहे त्यावर ठरतं, आणि तो अंदाज चौकशीआधी वकिलालाच घेता येतो. निनादने लेखी निवेदन दिलं. स्वतःला वाचवताना ढकललं, असं त्यात आहे. मजकूर मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

भाषेचं एक सांगतो, कारण हे वकिलांच्याही लक्षात येत नाही. मराठी माणूस समोरचा बोलत असताना ‘हं… हं…’ करतो. ऐकतोय, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. अधिकारी विचारतो, ‘मग तू चिडलास, त्याच्या अंगावर गेलास,’ आणि हा प्रश्न संपायच्या आतच सवयीने ‘हं’ म्हणतो. टाइप केलेल्या प्रतीत तिथे ‘यस’ येतं. ‘सॉरी’चंही तसंच. आपला मुलगा मोठ्या माणसापुढे अदबीने सॉरी म्हणतो, कागदावर ती कबुली दिसते. ‘हात उचलला’ म्हणजे मारलं की नुसता वर केला? ‘अंगावर धावला’ म्हणजे भिडला की फक्त पुढे आला? इंग्रजीत यातला एकच अर्थ निवडावा लागतो. म्हणून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलानेही, झोप झालेली नसेल आणि घाबरलेला असेल तर, दुभाषी मागावा. तोही फुकट असतो. निनादने मागितला नाही. ते वकिलाला सांगून ठेवायला मी त्याला सांगितलंय.

जामिनाचं ऐकून दादा, तू पैसे किती लागतील विचारलंस. काही नाही. इथे जामीनदार क्वचितच लागतो आणि सातबारा, सॉल्व्हन्सी असला प्रकार नाही. त्याऐवजी अटी असतात. निनादच्या अटी तीन: ठरलेल्या पत्त्यावर झोपायचं (म्हणून तो माझ्याकडे आहे), जुन्या खोलीकडे फिरकायचं नाही आणि तक्रारदाराशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही. पोलिसांचा हा जामीन आधी तीन महिन्यांसाठी असतो आणि वरिष्ठ तो वाढवू शकतात. दिलेल्या तारखेला ठाण्यात हजर झालं नाही तर तो वेगळा गुन्हा. तारीख पुढे गेली तर लेखी कळवतात. ‘कुणीतरी फोनवर सांगितलं’ यावर विसंबायचं नाही.

‘अप्रत्यक्ष’ हा शब्द पुन्हा वाचा. त्या मुलाचे आईवडील आपल्याकडचेच आहेत, तुम्हाला त्यांचा नंबर सहज मिळेल. भेटून, माफी मागून, दवाखान्याचा खर्च देऊन मिटवावं असं तुमच्या मनात येणार, आणि ते चांगल्या भावनेनेच येणार. कृपा करून करू नका. इथे खटला तक्रारदाराचा नसतो, सरकारचा असतो. त्याने तक्रार मागे घेतली तरी तो आपोआप थांबत नाही. उलट घरून गेलेला एक गोड फोनसुद्धा साक्षीदारावर दबाव म्हणून वाचला जाऊ शकतो. तो मूळ आरोपापेक्षा जड गुन्हा ठरू शकतो, आणि जामीनही जाऊ शकतो. मधल्या माणसाकरवी निरोपही नको, काकूंकडूनही नको.

तसंच व्हॉट्सॲप. काय घडलं, कोण आधी बोललं, हे त्याला मेसेजवर विचारू नका. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, आईशी झालेलं नसतं. त्याचा फोन पोलिसांकडे आहे. तुमच्याकडच्या जुन्या चॅटही पुसू नका, पुसलेलं जास्त वाईट दिसतं. तब्येत विचारा, झोप विचारा, अभ्यासाचं विचारा. तेवढ्याचीच त्याला गरज आहे.

पुढे चार गोष्टींपैकी एक होईल. पुरावा पुरेसा नाही म्हणून प्रकरण बंद होईल, तपास लांबेल, आरोप ठेवला जाईल, किंवा पोलीस ‘कॉशन’ देऊ करतील. कॉशन म्हणजे लेखी ताकीद. कोर्ट नाही, दंड नाही, म्हणून मुलं झटकन सही करतात. पण त्यासाठी गुन्हा कबूल करावा लागतो आणि नोंद राहते. वकिलाशिवाय सही नाही, हे मी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलंय.

आरोप ठेवलाच तर पहिली तारीख मॅजिस्ट्रेट कोर्टात, साधारण दोन ते चार आठवड्यांत. तिथे तीन मॅजिस्ट्रेट बसतात. ते बिनपगारी असतात, कायद्याची पदवी लागत नाही, सल्ल्याला कायदा जाणणारा अधिकारी असतो. कधी एकच जिल्हा न्यायाधीश असतो. आरोपीला गुन्हा कबूल आहे का ते विचारतात. पहिल्याच वेळी कबूल केलं तर शिक्षेत एक तृतीयांश सूट, नंतर एक चतुर्थांश, खटल्याच्या दिवशी एक दशांश. या सूटीच्या लोभाने न केलेलं कबूल करणारेही मी पाहतो, तेव्हा जीव तुटतो. नाकबूल केलं तर या कलमाचा खटला मॅजिस्ट्रेटपुढे चालू शकतो किंवा वरच्या, क्राउन कोर्टात बारा ज्युरींपुढे. मॅजिस्ट्रेट स्वतःकडे ठेवायला तयार असले तरी ज्युरी मागायचा हक्क सध्या आरोपीला आहे. क्राउन कोर्टात गर्दी फार आहे, वर्षभराहून अधिक थांबावं लागू शकतं. कोर्टातला सरकारी खर्चाचा वकील मात्र मिळकत तपासून मिळतो, म्हणून त्याची बँकेची कागदपत्रं मी आताच गोळा करतोय.

व्हिसाचं थोडक्यात. नुसत्या अटकेने व्हिसा रद्द होत नाही. 12 महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली तर देशाबाहेर काढायची प्रक्रिया 2007 च्या कायद्याने सुरू होते. पुढच्या अर्जांत विचारलं ते लपवलं तर मूळ प्रकरणापेक्षा ते महागात पडतं, दहा वर्षं बंदी येऊ शकते. अमेरिकेच्या अर्जात तर निव्वळ अटकेबद्दलही विचारतात. त्यामुळे सुटकेचा, प्रकरण बंद झाल्याचा, प्रत्येक कागद जपून ठेवायचा. त्याची फाइल केली आहे, जामिनाचा कागद सगळ्यात वर आहे.

पासपोर्ट घेतलेला नाही, तरी डिसेंबरचं तिकीट वकिलाला विचारल्याशिवाय पक्कं करू नका. हजेरीची तारीख त्याच आठवड्यात आहे. त्याच्या शाळेच्या सरांकडून, एनसीसीच्या सरांकडून चांगल्या वागणुकीची पत्रं आणायची का, असं वहिनींनी विचारलं होतं. त्यांचा उपयोग प्रकरण कोर्टात गेलं तरच. वकील मागेल तेव्हा घेऊ, आत्ता चार लोकांना कळायचं कारण नाही. आईला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. बुधवारी वकिलाची भेट आहे. तुमच्या रात्री नऊच्या सुमाराला निनाद स्वतः फोन करेल.

तुमचा,
सुधीर