एकाच संकेतस्थळावर दोन वार

महोदय,

गेल्या सोमवारी भर पावसात चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरले, बस धरून पणजी गाठली आणि एका कार्यालयाच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभी राहिले. आतल्या बाई म्हणाल्या, ‘‘अर्ज बुधवारी घेतो.’’ मी मोबाइल पुढे केला. तुमच्याच संकेतस्थळावर सोमवार लिहिलाय. त्यांनी आपल्या पडद्यावर तेच संकेतस्थळ उघडून दाखवले, तिथे बुधवार. त्या मुखपृष्ठ बघत होत्या, मी आतले पान.

मी घरी बसून संकेतस्थळेच बनवते, त्यामुळे घोळ कुठे असणार ते लगेच कळले. सूचनांची चौकट प्रत्येक पानात वेगवेगळी चिकटवलेली असणार. कुणीतरी मुखपृष्ठावरची बदलली आणि बाकीच्या राहिल्या.

यावरचा उपाय जुना आहे. चौकटीचा साचा एकाच फाइलीत ठेवायचा, त्याला आम्ही पार्शल म्हणतो, आणि प्रत्येक पानाने तो तिथून ओढून घ्यायचा. पण साचा रिकामा असतो. त्यात सूचना भरायचे काम पानापानावर सोपवले, तर एखादे पान विसरणारच. म्हणून मध्ये मिडलवेअर बसवायचे. फेरीत चढणारा प्रत्येक जण जसा धक्क्यावरूनच जातो, तशी सर्व्हरवर आलेली प्रत्येक मागणी पानापर्यंत पोचण्याआधी त्यातून जाते. तिथेच ताज्या सूचना वाचून मागणीसोबत द्यायच्या (एक्सप्रेस या सर्व्हर लिहायच्या साधनात त्या ‘रेस.लोकल्स’मध्ये, म्हणजे त्या एका मागणीपुरत्या कप्प्यात, ठेवतात) आणि ‘नेक्स्ट’ म्हणून पुढे सोडायचे. ‘नेक्स्ट’ राहिले तर ब्राउझरचे चक्र नुसते फिरत बसते. मिडलवेअर कोडमध्ये पानांच्या खाली लावले तर मागणी तिथवर पोचतच नाही आणि चौकट कोरी दिसते. चित्रे आणि स्टाइलच्या फाइली मात्र त्याच्या आधीच वाटेला लावाव्यात, नाहीतर एका पानासाठी डेटाबेसला वीस हेलपाटे.

मी काही शहाणी नव्हे. आमच्या वाड्यावरच्या नाटकमंडळाचे संकेतस्थळ करताना लॉगिन केलेल्याचे नाव मी ‘रेस.लोकल्स’ऐवजी ‘अ‍ॅप.लोकल्स’मध्ये ठेवले होते. हा कप्पा सगळ्यांचा सामाईक असतो. परिणाम असा, की खजिनदारांनी लॉगिन केले आणि पाठोपाठ पान उघडणाऱ्या तबलजींचे स्वागत खजिनदार म्हणून झाले. महिनाभर मला त्यावरून ऐकावे लागले.

तेव्हा संकेतस्थळाचे काम देताना कार्यालयांनी कंत्राटदाराला एवढेच विचारावे: एक सूचना बदलायची तर किती ठिकाणी हात लावावा लागेल? उत्तर ‘एक’ आले नाही, तर बिल अडवावे. रंग, फिरती चित्रे, मंत्र्यांचे फोटो हे सगळे मागाहून.

माझा अर्ज बुधवारी घेतला. आतल्या पानावर अजून सोमवारच आहे.

– एक वाचक, चोडण