'सावंतवाडी दर्शन, अर्धा दिवस' : पस्तीस मिनिटांत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कोकण सहलीतील तिसऱ्या दिवसाचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

डिसेंबरात तुमच्या चार दिवसांच्या कोकण सहलीला मी आणि माझी एकाहत्तर वर्षांची आई आलो होतो. समुद्रकिनारे दाखवणारे पुष्कळ आहेत. तुमची सहल निवडली ती माहितीपत्रकातल्या एका ओळीसाठी : 'सावंतवाडी दर्शन, अर्धा दिवस – राजवाडा, गंजिफा, मोती तलाव, चितार आळी.'

त्या दिवशी बस आधी वाटेतल्या काजूच्या दुकानासमोर पाऊण तास उभी राहिली. (त्या दुकानाशी तुमचा काय व्यवहार आहे, ते विचारत नाही.) गावात पोचलो तेव्हा राजवाडा दुपारच्या सुट्टीसाठी बंद झाला होता. उघडेपर्यंत थांबू म्हटलं, तर तुमचे टूर मॅनेजर म्हणाले, "इथे बघायला तसं काही नाही. तारकर्लीच्या बोटी चुकतील." 1874 सालच्या त्या तलावाकाठी फोटोपुरते उतरलो. लाकडी खेळण्यांची चितार आळी तर 'ती तिकडे आत' असं बोट दाखवूनच झाली.

आईच्या माहेरी दशावतारी गंजिफांचा, म्हणजे दहा अवतारांची चित्रं हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, जुना संच आहे. 120 गोल पानांपैकी मत्स्याचा राजा आजोबांच्या हयातीतच हरवला. नमुना म्हणून कूर्माचा राजा ती रुमालात गुंडाळून घेऊन आली होती. कडेची लाख उडालेली, रंग मात्र शाबूत. राजवाड्यात चित्रकार ही पानं रंगवतात. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी बुडता बुडता वाचवलेली कला आहे ती. जोडीचं एक पान करून मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. रुमालाची गाठ सुटली ती थेट रिसॉर्टच्या खोलीत. समुद्र छान होता, नाही म्हणत नाही. पण 'बनाना राइड'चं कूपन तिने काय करायचं?

फोन केला तर उत्तर मिळालं, "सावंतवाडी कव्हर झाली ना सर!"

तिसऱ्या दिवसापोटी दोघांचे मिळून 5,200 रुपये परत करावेत आणि पत्रकात यापुढे 'सावंतवाडीमार्गे तारकर्ली' असं छापावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या सहलीवर सवलत वगैरे देऊ नये. फेब्रुवारीत आम्ही रेल्वेने मळगावला उतरून आमचे आम्ही जाणार आहोत.

पावती आणि पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला एक प्रवासी