पाऱ्याआधी चाळणी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुवर्णरेखा नदीच्या काठी वाळू धुऊन सोने काढणाऱ्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख उत्तम, पण सोबतच्या चौकटीत उरलेल्या काळ्या वाळूत पारा घोळवण्याचा (पारा सोने धरतो, मग तापवून पारा उडवायचा) जो सल्ला आहे, तो घातक तर आहेच, शिवाय तोट्याचाही आहे.

परातीच्या तळाशी राहणारी काळी वाळू म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, हेमॅटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त जड खनिजे. सोने पाण्याच्या 19 पट जड, मॅग्नेटाइट जेमतेम 5 पट. एवढा फरक असूनही बारीक सोने हातून निसटते, कारण पाण्यात 0.1 मिमीचा सोन्याचा कण जितक्या वेगाने बुडतो, साधारण तितक्याच वेगाने 0.2 मिमीचा मॅग्नेटाइटचाही बुडतो. नदीतले सोने बहुधा चपटे असते, त्यामुळे ते आणखी रेंगाळते. म्हणून जाड-बारीक माल एकत्र धुणे हीच मूळ चूक. 30, 50 आणि 100 मेशच्या (मेश म्हणजे इंचामागे जाळीची घरे) चाळण्या घ्याव्यात (छिद्रे अनुक्रमे 0.6, 0.3 आणि 0.15 मिमी) आणि प्रत्येक थर वेगळा धुवावा. एका वेळी दोन-तीन चमचेच. हाव केली की सोने गेलेच.

कोरड्या मालातली सोन्याची भुकटी पाण्यावर तरंगते आणि काठावरून ओघळून जाते. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकले की ती बुडते. पाणी मात्र फेसाळू देऊ नये.

मॅग्नेटाइट उचलून काढायला लोहचुंबक घ्यावा, पण तो उघडा वापरू नये, प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. माल कागदावर पातळ पसरून चुंबक बोटभर उंचीवरून फिरवावा. थेट टेकवला की मॅग्नेटाइटच्या दाढीसारख्या झुपक्यात सोन्याचे कण अडकून वर येतात. उचललेली वाळू दुसऱ्या ताटात सोडून तिच्यावरून पुन्हा दोन-तीनदा चुंबक फिरवावा. अडकलेले सोने त्या ताटात मागे राहते. हेमॅटाइट आणि इल्मेनाइटवर साध्या चुंबकाचा जोर फारसा चालत नाही, ते परातीतच वेगळे करावे लागतात.

हात कितपत बसला आहे हे तपासायचे तर शिशाचे दहा बारीक छर्रे चपटे करून मालात मिसळावेत आणि धुऊन झाल्यावर मोजावेत. शिसे सोन्याहून बरेच हलके. दहाच्या दहा सापडले तर तेवढ्या आकाराचे सोनेही सुटत नाही. सातच सापडले तर फेकलेला माल परत धुवायला घ्यावा. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे आपले झारेकरीही धुतलेला गाळ सहजासहजी टाकून देत नाहीत.

चमचाभर जड माल उरला की पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) घ्यावा, त्याने माल वितळायला मदत होते. फिलिपिन्सच्या बेंगेत प्रांतातले छोटे खाणकामगार हीच पद्धत वापरतात. मालाच्या निदान बरोबरीने टाकणखार मिसळून मुशीत वितळवावा. साध्या टाकणखारात पाणी असते, एकदम तापवला तर तो फुगून उसळतो आणि बारीक सोने मुशीबाहेर उडते. म्हणून आधी मंद आच द्यावी, मग भाता. सोने 1,064 अंशांना वितळते. मॅग्नेटाइट जास्त राहिले असेल तर कीट (वितळलेल्या खनिजांचा मळ) घट्ट होते आणि सोन्याचे मणी त्यातच अडकतात. अशा वेळी थोडी काचेची पूड घालावी. कीट फेकू नये, कुटून धुवावे. ओतायचा साचा कोरडा आणि गरम हवा. ओला असला तर वाफेने रस उसळतो.

आता पारा. सोन्यावर लोहाचा गंज किंवा तेलाचा थर असला की पारा त्याला धरत नाही. उलट घोटताना पाऱ्याचीच भुकटी होते आणि ती धरलेले सोने घेऊन नदीत जाते. तो 357 अंशांना उकळतो, वाफेला वास नसतो, त्यामुळे सोन्यावरचा पारा अंगणात जाळणाऱ्याला आणि शेजारी खेळणाऱ्या पोरांना कळतही नाही. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीचा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार 2017 पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. ती चौकट दुरुस्त करावी.

जाता जाता: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू प्रामुख्याने इल्मेनाइटची. हे वाचून कोणी तिकडे परात घेऊन जाऊ नये, एवढेही त्यात छापावे.

आपला,
एक वाचक, नागपूर