गाडी भंगारात गेली, नोंद मात्र जिवंतच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुनी गाडी भंगारवाल्याला दिली, रोख पैसे हातात आले, विषय संपला, असा समज अजूनही सर्रास आढळतो. पत्रा भट्टीत वितळला तरी परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीतली नोंद जागच्या जागी राहते आणि तिच्यावर नाव तुमचंच असतं. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली म्हणून ती नोंद आपोआप रद्द होत नाही. मुदत संपणं वेगळं आणि नोंदणी रद्द होणं वेगळं, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 55 नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जमा करायची असते. ही जबाबदारी मालकाची आहे, भंगारवाल्याची नव्हे. ती न पाळल्यास काय होऊ शकतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालावरून कळतं. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद बदललेली नव्हती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतल्या मालकावरच टाकली.

याहून गंभीर धोका चेसिस नंबरचा आहे. बॉनेटखाली किंवा काही गाड्यांत पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर ठोकलेला तो नंबर म्हणजे गाडीची खरी ओळख. तेवढा तुकडा कापायचा, त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीत वेल्डिंगने बसवायचा, ग्राइंडर मारून रंग द्यायचा आणि सोबत मूळ आरसी ठेवायची, की चोरीची गाडी कागदोपत्री 'स्वच्छ' होते. आरसी हातात आणि नोंद चालू असेल तर भंगारवाला चार पैसे जास्त का देतो, याचं उत्तर अनेकदा इथंच असतं. अपघातात टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न परवडणाऱ्या ठरलेल्या गाड्यांना हा धोका सर्वाधिक. विमा कंपनी सॅल्व्हेज (अशा गाडीचे अवशेष) विकणार असेल, तर नोंदणी रद्द कोण आणि कधी करणार हे दाव्याच्या कागदावरच लिहून घ्यावं.

सरळ मार्ग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचा आहे. त्याचे केंद्रीय नियम सप्टेंबर 2021 मध्ये आले. परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर अर्ज करायचा. गाडी चोरीची आहे का, तिच्यावर कर्जाचा बोजा, थकीत देणी किंवा काळ्या यादीचा शेरा आहे का, हे तपासलं जातं. गाडी ताब्यात देताना 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि ती प्रत्यक्ष तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र निघतं. कापलेला चेसिस नंबरचा तुकडा केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो, त्यामुळे वरचा गैरप्रकार करायला वाव राहत नाही.

काम अडतं ते बहुतेक वेळा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर कधीच बंद झालेला असतो. तो आधी बदलून घ्यावा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेलाच नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, आणि बँकेचं मध्यंतरी विलीनीकरण झालं असेल तर नव्या बँकेकडून पत्र मिळवताना बराच वेळ जातो. ई-चलनं बाकी असतात. चेसिस नंबर गंजून वाचता येत नाही. (गाडी देण्याआधी महिनाभर त्या जागी ग्रीस लावून ठेवा आणि पेन्सिलने ठसा घेऊन पाहा. सँडपेपर मात्र अजिबात मारू नका, नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो.) मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडावा लागतो. ओटीपीही नोंदीतल्याच नंबरवर जातो, म्हणून दिवंगत वडिलांच्या नावावर गाडी असेल तर त्यांचं सिमकार्ड घाईने बंद करू नये.

सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट दोन वर्षं चालतं आणि ते दुसऱ्याला देताही येतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. खासगी गाडीला मोटार वाहन करात सवलत मिळते, केंद्राने तिची कमाल मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. प्रत्यक्ष किती मिळेल ते राज्य ठरवतं, तेव्हा नवी गाडी बुक करण्याआधी आरटीओत विचारावं. भंगारवाल्याच्या भावाशी केंद्राच्या भावाची तुलना ही सवलत धरूनच करायला हवी.

गाडी गेल्यावरही दोन-तीन कामं उरतात. फास्टॅग बँकेकडून बंद करून अनामत परत घ्यायची. विमा रद्द करताना नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचं) पत्र मागायचं. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि नव्या गाडीच्या विम्यात, खुद्द गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतो. शेवटी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचा. तिथं अजून 'ॲक्टिव्ह' दिसत असेल तर दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

ब्रिटनमध्ये 1998 पासून गाडी तात्पुरती रस्त्यावरून काढल्याचं सरकारला विनाशुल्क कळवता येतं आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. आपल्याकडे खासगी गाडीचा कर एकरकमी घेतला जातो, त्यामुळे तशी सोय करणं कदाचित अवघड असेल. पण पंधरा वर्षांची मुदत संपत आली की मालकाला मराठीत एक एसएमएस पाठवणं परिवहन खात्याला अवघड नाही. जवळचं स्क्रॅपिंग केंद्र कुठलं, नोंदीवर बोजा आणि चलनं काय बाकी आहेत आणि कुठला मोबाइल नंबर लावलेला आहे, एवढी माहिती त्यात असावी. हा सगळा तपशील खात्याच्या संगणकात आजही आहे.

– एक वाचक, पुणे