‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ हे बोलणे थांबवा

महोदय,

आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचा, प्रयत्न फसला की घरातून, शेजारून, कधी दवाखान्यातूनही तेच ऐकू येते: ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही.’ आधीच खचलेल्या बाईच्या माथी हा दोष मारला जातो, आणि त्याला आधार नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले. त्यातील ३,५८३ स्त्रियांमध्ये उपचारांआधीच्या चिंतेचा किंवा नैराश्याचा त्या फेरीत गर्भ राहण्याशी संबंध दिसला नाही. निकालावर खरा परिणाम होतो तो वयाचा. पस्तिशीनंतर स्त्रीबीजात गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. असा गर्भ बहुधा रुजत नाही किंवा टिकत नाही. अडचण नवऱ्याच्या वीर्यात असली तरी बोल मात्र तिलाच.

तणावाने नुकसान होते ते वेगळ्या वाटेने. मन थकते आणि जोडपे उपचार अर्ध्यावर सोडते, पुढच्या फेरीत आशा असतानाही.

हा ताण बराचसा कमी करता येतो. उपचारात बीजे वाढवण्यासाठी आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शने, मध्ये सोनोग्राफीच्या फेऱ्या, आणि शेवटी बीजे पक्व करणारे ‘ट्रिगर’चे इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढतात, म्हणून ट्रिगरची वेळ कागदावर लिहून घ्यावी, नवऱ्याच्या फोनवरही गजर लावावा. वेळ चुकलीच तर ओरडा बसेल म्हणून लपवू नये, लगेच कळवावे. बीजे काढण्याची वेळ पुढे सरकवता येते.

सर्वांत जड जातात ते गर्भ सोडल्यानंतरचे दिवस. अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही. घरची लघवीची तपासणी घाईने करू नये: ट्रिगरमधले एचसीजी (गर्भधारणेची तपासणी जे शोधते ते संप्रेरक) अंगात दहा-बारा दिवस राहू शकते, त्यामुळे खोटी दुसरी रेघ उमटते. उलट फार लवकर तपासले तर गर्भ असूनही रेघ येत नाही, आणि निराश होऊन प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकावा म्हणून दिलेले औषध, बंद केले जाते. थोडे डाग दिसले तरी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होईपर्यंत औषध स्वतःहून थांबवू नये.

२०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायद्याने यशाची शक्यता, खर्च आणि धोके यांविषयी समुपदेशन देणे केंद्रांना बंधनकारक आहे. संमतीपत्रावर सही घेणे म्हणजे समुपदेशन नव्हे. पहिल्या इंजेक्शनआधी दोघांना समोर बसवून एक भेट व्हावी. निकाल नकारात्मक आला तर पुढच्या फेरीचा खर्च सांगण्याआधी दुसरी.

– एक समुपदेशक, पुणे