लग्नाचा खुलासा कसला मागता?

मा. संपादक, स. न.

माझी मुलगी पुण्यातल्या एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. गेल्या वर्षी तिने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले. आम्ही हिंदू, जावई मराठी ख्रिस्ती. धर्म दोघांनीही बदलला नाही; या कायद्यात तो बदलावा लागतच नाही.

लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागते आणि ३० दिवस थांबावे लागते. कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला आणि नावा-पत्त्यासकट तो आमच्या ज्ञातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी सातजण आले. मी चहा विचारला, एकानेही घेतला नाही. तिकडे जावयाच्या आईला तिच्या मंडळींनी सुनावले, की चर्चच्या यादीतून नाव कमी करू. दोन रविवार ती माउली प्रार्थनेलाही गेली नाही.

घरापुरते होते तोवर आम्ही सोसले. मग मुलीच्या साहेबांकडे लेखी अर्ज गेला: हिने समाजाची बदनामी केली, हिची बदली करा, खातेनिहाय चौकशी लावा. आणि साहेबांनी तो अर्ज जोडून तिच्याकडेच खुलासा मागितला, तीन दिवसांत! ते पत्र हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. 'बाबा, मी काय चुकले म्हणून लिहू?' एवढेच म्हणाली.

मी ३४ वर्षे महसूल खात्यात काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम मला चांगले ठाऊक आहेत. पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करण्यावर त्यांत बंधन आहे; जोडीदार कोणत्या धर्माचा असावा, याबद्दल अवाक्षर नाही. नोटिशीवर हरकत घ्यायची तर तीही वय, आधीचे लग्न, मानसिक स्थिती आणि निषिद्ध नाते एवढ्याच कारणांवर. शासकीय नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला राज्यघटनेचे कलम १६ मनाई करते. असा अर्ज आला त्याच दिवशी नस्तीबद्ध व्हायला, म्हणजे कारवाई न करता फाइलबंद व्हायला हवा होता. उलट, वाळीत टाकण्याची भाषा करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो सगळ्याच धर्मांच्या पंचांना लागू आहे, आमच्या सातजणांनाही.

सामान्य प्रशासन विभागाने स्पष्ट परिपत्रक काढावे: कर्मचाऱ्याच्या कायदेशीर लग्नाविरुद्ध समाजाच्या नावाने आलेल्या अर्जावर खुलासा मागवू नये.

मुलीने खुलासा दिला त्याला आठ महिने झाले. प्रकरण बंद केल्याचे पत्र अजून आलेले नाही. पदोन्नतीच्या वेळी तो कागद कुणी वर काढेल, या धास्तीत ती रोज ऑफिसला जाते. ते पत्र तिला लेखी हवे आहे.

(मुलीच्या नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)

– एक निवृत्त अव्वल कारकून, बिबवेवाडी, पुणे